दोन नैतिक निवाडे एकमेकांशी जुळत नसतील, तर त्यांतला कोणता सोडावा?

अंबाझरीकाठ

केवळ आपल्या मौजेसाठी एखाद्या प्राण्याला यातना देणे वाईट आहे, असे मी मनापासून मानते. म्हणूनच संक्रांत जवळ आली की आमच्या वसाहतीत नायलॉन मांजाविरुद्ध मी घरोघर जाऊन बोलते, आणि पंख कापलेली घार किंवा बगळा झाडाला अडकलेला दिसला तर सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला फोन करते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही स्वतःहून दखल घेतली, तरी दर जानेवारीत माणसांचे गळे आणि पक्ष्यांचे पंख कापले जातातच.

अकरावीत तर्कशास्त्र घेतलेल्या माझ्या भाच्याने यंदा मला विचारले, "मावशी, पतंग उडवणाऱ्या पोरांना तू सांगतेस, की तुमची मजा हे पक्ष्याच्या मरणाला पुरेसे कारण नाही. मग आपल्या रविवारच्या सावजी मटणाला चव सोडून दुसरे कोणते कारण आहे?" प्रश्न खोडसाळपणे विचारलेला नव्हता, आणि त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी कागदावर मांडून पाहिले. मौज हे यातनेला पुरेसे कारण नाही. चव ही मौजच आहे. बोकडाला यातना होतात. या तीनही गोष्टी मला मान्य आहेत, आणि तरीही रविवारी आमच्या घरी मटण शिजते.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, या विसंगतीमुळे मांजाबद्दल बोलण्याचा माझा अधिकार संपतो का? दुसरी, विसंगती एकदा दिसली की ती मिटवलीच पाहिजे, असे तर्क सांगतो का, आणि सांगत असेल तर कोणती बाजू सोडून? हा धागा शाकाहार विरुद्ध मांसाहार असा होऊ नये, अशी विनंती आहे. आपापल्या आयुष्यातल्या न जुळणाऱ्या जोड्या कृपया इथे मांडाव्यात.

गोकुळपेठ

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे, ताई. मांजाने घारीचा पंख कापला जातो तो जातोच, मग हे सांगणारा शाकाहारी असो वा मांसाहारी. आपण बोलत राहा.

महालकर

मी अनेक वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले, त्यामुळे आपल्या भाच्याने हा प्रश्न विचारला याचा मला फार आनंद झाला. गोकुळपेठ यांनी सांगितलेले बरोबर आहे. युक्तिवाद खरा की खोटा हे त्याच्या आधारविधानांवर ठरते, तो करणाऱ्याच्या वर्तनावर नाही. "तू तरी कुठे पाळतोस" हे उत्तर ऐकणाऱ्याला गप्प करते, पण मूळ विधानाला त्याने धक्का लागत नाही. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' या म्हणीतसुद्धा दोष पाषाणाला दिलेला आहे, ब्रह्मज्ञानाला नाही.

दुसरा प्रश्न खोल आहे. दोन विधाने एकाच वेळी सत्य असू शकत नसतील, तर त्यांपैकी निदान एक असत्य आहे, इतकेच तर्कशास्त्र सांगते. कोणते असत्य आहे, हे ते सांगत नाही आणि सांगूही शकत नाही. माझ्या मते सगळा धोका इथेच आहे. विसंगतीची टोचणी लागली की माणूस ती लवकरात लवकर घालवू पाहतो, आणि तसे करताना सोडायला जी बाजू सोपी, तीच बहुधा सोडतो. "मी मटण खातोच, तर मग पक्ष्यांचे काय घेऊन बसायचे?" असे म्हणणारा माणूस पूर्णपणे सुसंगत होतो. त्याच्या विचारांत एकही व्याघात उरत नाही, पण तो आधीपेक्षा वाईट झालेला असतो. सुसंगती हा सद्गुण आहे असे आपण सहज म्हणतो. मी तिला केवळ तपासणीचे साधन मानतो.

आणखी एक भेद करावा लागेल. आपली तीन विधाने परस्परांच्या विरोधात नाहीत, ती एकमेकांशी नीट जुळतात. त्यांच्या विरोधात जाते ती आपली कृती. श्रद्धांमधला व्याघात आणि श्रद्धा व कृती यांमधली फट, ही दोन वेगळी दुखणी आहेत. चांगले कोणते हे कळूनही माणूस उलटे का वागतो, याची चर्चा ॲरिस्टॉटलने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी केली आणि त्याला 'अक्रासिया' म्हटले. पहिल्या दुखण्यावर विचार हे औषध आहे. दुसऱ्यावर केवळ विचार पुरत नाही, तिथे सवय आणि व्यवस्था बदलावी लागते.

इतवारी_पेढी

महालकर सरांचे विवेचन आदराने वाचले, परंतु एका गोष्टीवर मी असहमत आहे. आपण सर्वांनी असे गृहीत धरले आहे, की तत्त्व एकच आणि ते प्रत्येकाने सारख्याच प्रमाणात पाळले पाहिजे, नाही तर ती विसंगती. आमच्या जैन परंपरेत तसे नाही. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह ही पाच व्रते साधूंसाठी महाव्रते आहेत आणि गृहस्थांसाठी अणुव्रते. व्रत तेच असते, पण त्याची मर्यादा पाळणाऱ्याच्या आयुष्याप्रमाणे ठरते. हिंसेचेही प्रकार केलेले आहेत: घरकामात होणारी ती आरंभी, पोटापाण्याच्या उद्योगात होणारी ती उद्योगी, स्वतःचे रक्षण करताना होणारी ती विरोधी, आणि ठरवून केलेली ती संकल्पी. गृहस्थाला पूर्ण निषिद्ध आहे ती संकल्पी. बाकीच्या तीन त्याने शक्य तितक्या कमी कराव्यात.

माझी जोडी सांगतो. आमच्या घरी कांदा-बटाटासुद्धा येत नाही. दुकानात मात्र भंडाऱ्याकडचा कोसा, म्हणजे टसर रेशीम, विकला जातो, आणि कोशातला जीव उकळत्या पाण्यात मारल्याशिवाय अखंड धागा निघत नाही, हे मला ठाऊक आहे. बाहेरच्या माणसाला ही विसंगती वाटेल. मला तो एका संसारी माणसाने आखलेला टप्पा वाटतो.

पाचपावली

इतवारी_पेढी यांच्या परंपरेबद्दल मला आदर आहे, आणि त्यांनी स्वतःची जोडी मोकळेपणाने सांगितली याबद्दलही. परंतु टप्पे, मर्यादा, "व्यवहार वेगळा आणि तत्त्व वेगळे" ही भाषा या शहरात कशासाठी वापरली जाते, हेही लिहिणे मला आवश्यक वाटते.

माझी आई कित्येक वर्षे लोकांच्या घरी स्वयंपाक आणि भांडी करत होती. त्यांतले एक घर सुशिक्षित होते. १४ एप्रिलला त्या घरातून आम्हाला आवर्जून शुभेच्छा यायच्या, दिवाळीला माझ्यासाठी पुस्तके यायची. त्याच घरात ओट्याच्या कोपऱ्यात, मिठाच्या बरणीमागे स्टीलचा एक पेला पालथा घातलेला असे. तो इतर पेल्यांत मिसळू नये म्हणून त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलेला होता. आईचा चहा त्यातच दिला जाई. त्या घरातली माणसे दुष्ट नव्हती. शुभेच्छा मनापासूनच्या होत्या आणि ठिपकाही मनापासूनच लावलेला होता. त्या दोन गोष्टी कधी एकमेकींसमोर आणल्याच गेल्या नाहीत, कारण एक 'विचार' होता आणि दुसरी 'घरची पद्धत'. म्हणून मी म्हणते, की टप्प्यांची भाषा वापरण्याआधी एक विचारावे: या टप्प्यामुळे माझी सोय होते, पण किंमत कोण मोजते? मर्यादा आखणारा एक आणि तिचा काच सोसणारा दुसरा, असे असेल तर त्या मर्यादेला व्रत म्हणता येत नाही.

आणि टप्प्याला दिशा असावी लागते. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात जाहीर केले, की मी हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षा झाली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आपल्या नागपुरात. मध्ये २१ वर्षे गेली. त्या काळात कोणीही म्हणू शकले असते, की बोलणे एक आणि करणे एक. परंतु ती वर्षे अभ्यासाची, इतर धर्म तपासण्याची, आणि आपल्यामागे लाखो माणसे येणार आहेत या जबाबदारीची होती. आणि दीक्षेच्या दिवशी त्यांनी लोकांना नुसता विचार दिला नाही, तर बावीस प्रतिज्ञा दिल्या: मी चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही, असे एकेक वाक्य स्वतःच्या तोंडाने उच्चारायला लावले. महालकर सर ज्याला सवय आणि व्यवस्था म्हणतात, ती मला इथे दिसते. चारचौघांत उच्चारलेल्या प्रतिज्ञेशी स्वतःचे वागणे दुसऱ्या दिवशीही ताडून पाहता येते. मनातल्या मनात मानलेल्या तत्त्वाशी ताडणे कायम पुढे ढकलता येते.

सक्करदरा_चौक

पाचपावली ताई, तो लाल ठिपका अजूनही अनेक घरांत आहे. आपण तो इथे लिहून ठेवलात याबद्दल आभार.

काटोलहून

मी संत्रा आणि कपाशीचा शेतकरी आहे. माझी जोडी सांगतो. विहिरीजवळ घरच्यापुरता भाजीचा एक वाफा आहे, त्याच्यावर आम्ही रासायनिक फवारणी करत नाही. बाजारात जाणाऱ्या मालावर करतो. आमच्या भागात अशी बरीच घरे आहेत आणि कोणी ते लपवत नाही. विषाने शरीराचे काय होते हे आम्हाला ठाऊक आहे म्हणूनच तो वाफा वेगळा आहे, म्हणजे "आम्हाला माहीत नव्हते" असे म्हणायची सोय उरत नाही.

आता दुसरी बाजू. बिनफवारणीचे फळ जरा डागाळलेले असते. कळमन्याच्या बाजारात डागाला भाव मिळत नाही. तिथून पुढे ते फळ विकत घेणारा जो शहरी माणूस विषमुक्त अन्नाचा आग्रह धरतो, तोच ढिगातून चकचकीत फळ निवडून घेतो. त्याचेही दोन निवाडे जुळत नाहीत, आणि त्याची विसंगती माझ्या विसंगतीला खतपाणी घालते. पाचपावली ताईंचा प्रश्न मी स्वतःला लावून पाहिला. किंमत कोण मोजते? खाणारा मोजतो, पण त्याच्याही आधी फवारणारा मोजतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. माझ्याकडच्या मजुराला मी मास्क आणि हातमोजे आणून दिले, तर तो म्हणतो, "भाऊ, तोंडाले बांधलं का दम कोंडते." उन्हात ते खरेही आहे. तो बांधत नाही आणि मी आग्रह सोडून देतो, कारण आग्रह धरला तर काम लांबते. मी मात्र पंप उचलला तर बांधल्याशिवाय उचलत नाही.

महालकर सरांनी कृपया सांगावे, की हे पहिले दुखणे की दुसरे.

महालकर

काटोलहून यांनी विचारलेल्या प्रश्नाला मी घाईने उत्तर देणार नाही. वाफ्याच्या बाबतीत मला ती फट वाटते: आपल्याला योग्य काय ते कळते आणि बाजार आपल्याला ते करू देत नाही. मास्कच्या बाबतीत मात्र मला व्याघात दिसतो. "माझ्या फुप्फुसाला जपायला हवे" आणि "त्याच्या फुप्फुसाचे तो बघेल" हे दोन निवाडे एकत्र धरायचे असतील, तर त्या दोन फुप्फुसांत फरक आहे असे तिसरे विधान मानावे लागते, आणि ते विधान आपण उघडपणे कधीच मान्य करणार नाही.

कॅम्पस_चौक

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. विसंगती दिसली की माणूस सोपी बाजू सोडतो, असे महालकर सरांनी लिहिले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलेला बोधात्मक विसंवादाचा सिद्धांत नेमका हाच आहे. त्यांनी आणि कार्लस्मिथ यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना अतिशय कंटाळवाणे काम करायला दिले आणि नंतर "काम मजेचे होते" असे पुढच्या व्यक्तीला खोटे सांगायला लावले. त्यासाठी काहींना २० डॉलर दिले, काहींना फक्त १ डॉलर. पुढे विचारल्यावर, १ डॉलरवाल्यांनीच ते काम खरोखर जास्त आवडल्याचे सांगितले. २० डॉलर हे खोटे बोलायला पुरेसे कारण होते. १ डॉलर पुरेसे नव्हते, म्हणून त्यांनी मतच बदलले. केलेली कृती मागे घेता येत नाही, मत मात्र बदलता येते, आणि ते बदलले आहे याचा स्वतःला पत्ताही लागत नाही.

या धाग्यावर आपण सर्वजण आत्मपरीक्षण करत आहोत, त्यामुळे आणखी एक प्रयोग सांगणे मला महत्त्वाचे वाटते. स्वीडनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांकडून नैतिक प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली आणि कागदाच्या हातचलाखीने काही विधानांचा अर्थ उलटा करून तीच प्रश्नावली त्यांच्यापुढे ठेवली. अनेकांच्या ते लक्षात आले नाही. इतकेच नव्हे, तर आपण ज्याच्या विरुद्ध मत दिले होते त्याच्याच बाजूने त्यांनी कारणे देऊन युक्तिवाद केला. मला यातून असे वाटते, की आपल्या मनातले कारण हे पुष्कळदा निर्णयाच्या आधी नसते, ते नंतर येते. काटोलहून दादा, "तो बांधत नाही" हे कारण आपण आग्रह सोडण्याच्या आधीपासूनचे आहे की नंतरचे, हे आपणच पाहू शकाल.

वर्धा_रोड

कॅम्पस_चौक यांनी लिहिलेले वाचून भीती वाटते. कारणे जर नंतरच येत असतील, तर या साऱ्या चर्चेला अर्थ काय? माणूस विचार करून वागतच नसेल, तर त्याला विसंगत तरी का म्हणावे?

कॅम्पस_चौक

वर्धा_रोड काका, अर्थ आहे. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन यांनी प्रिन्स्टनमध्ये धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटे भाषण द्यायचे होते, आणि काहींच्या भाषणाचा विषय वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याची बायबलमधली गोष्ट हाच होता. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला होता. ज्यांना "उशीर झाला आहे, पळा" असे सांगितले होते त्यांच्यापैकी १० टक्के थांबले; ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. भाषणाच्या विषयाने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. याचा अर्थ माणसे ढोंगी होती असा मी घेत नाही. मी असा घेते, की ज्याला थांबणारा माणूस व्हायचे आहे त्याने आपल्या दिवसात थांबायला जागा ठेवली पाहिजे, आणि ती जागा ठेवणे हे शांतपणे विचार करूनच जमते.

सिव्हिल_लाइन्स

मी वकिली करतो, म्हणून वाटेतल्या जखमी माणसाबद्दल एक सांगून ठेवतो, कारण त्यावरून नागपुरात अजून गैरसमज आहेत. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या व्यक्तीला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद झाली. "पोलिसांच्या फेऱ्यात कोण अडकेल" या कारणाला आता आधार उरलेला नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. एकसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींना वेगळी वागणूक दिली तर ती केव्हा क्षम्य आणि केव्हा अन्याय, हा प्रश्न न्यायालयांपुढे रोज येतो. संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदाखाली वाजवी वर्गीकरणाची कसोटी आहे. १९५२ च्या अन्वर अली सरकार खटल्यापासून ती ठळकपणे मांडली गेली. तिची दोन अंगे आहेत. वर्गीकरण समजण्याजोग्या फरकावर आधारलेले हवे, आणि त्या फरकाचा कायद्याच्या उद्दिष्टाशी सयुक्तिक संबंध हवा. नुसता फरक दाखवून भागत नाही. ही कसोटी आपल्या खासगी निवाड्यांनाही लावता येते, असे मला वाटते.

अंबाझरीकाठ ताईंच्या बाबतीत ती लावून पाहू. घार आणि बोकड यांत फरक पुष्कळ आहेत: एक रानचा पक्षी, दुसरा पाळीव प्राणी, एक मारणे अपघाताने, दुसरे हेतुपुरस्सर, एकाचे मांस वाया जाते, दुसऱ्याचे खाल्ले जाते. परंतु तत्त्वाचे उद्दिष्ट 'यातना टाळणे' हे असेल, तर यांपैकी कोणत्याही फरकाचा यातनेशी संबंध नाही. तत्त्वाचे उद्दिष्ट 'निरर्थक नाश टाळणे' असे असते, तर तिसरा फरक चालला असता. म्हणून ताईंनी आधी हे ठरवावे, की त्यांचे तत्त्व खरोखर कोणते आहे. इतवारी_पेढी यांनाही मी हेच नम्रपणे विचारीन. उद्योगी हिंसा क्षम्य आहे ती पोटासाठी अपरिहार्य म्हणून. सुती कापड विकूनही पेढी चालत असेल, तर कोसा त्या सदरात बसतो का?

जाता जाता, भटक्या कुत्र्यांचे उदाहरण याच शहरातले आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूर खंडपीठाने सांगितले, की ज्यांना कुत्र्यांना खाऊ घालायचे आहे त्यांनी ती दत्तक घेऊन घरी न्यावीत. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दत्तक घेण्याच्या त्या सक्तीला स्थगिती दिली. कायद्याचा भाग बाजूला ठेवला, तरी "दया करायची तर पूर्ण जबाबदारी घ्या, नाही तर करूच नका" ही मागणी मला महालकर सरांनी सांगितलेल्या धोक्याच्या अगदी जवळची वाटते. अशी सुसंगती मागितली तर बहुतेक लोक घरी कुत्रे नेणार नाहीत, ते भाकरी टाकणे थांबवतील.

धंतोली

सिव्हिल_लाइन्स यांच्या कसोटीत एक अडचण आहे. न्यायालयात कसोटी लावणारा आणि जिला ती लावायची ती बाजू, ही दोन वेगळी माणसे असतात. स्वतःच्या बाबतीत आपण दोन्ही असतो. माझ्या व्यवसायातले उदाहरण देतो. औषध कंपन्यांकडून डॉक्टरांनी भेटवस्तू घेऊ नयेत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्येच केला. त्याआधी, २००१ मध्ये, अमेरिकेत निवासी डॉक्टरांच्या एका पाहणीत ६१ टक्के डॉक्टर म्हणाले होते, की अशा भेटींचा माझ्या औषधे लिहिण्यावर परिणाम होत नाही. इतर डॉक्टरांवरही परिणाम होत नसावा, असे म्हणणारे होते फक्त १६ टक्के. ही दोन्ही मते एकाच डोक्यात सुखाने नांदतात. म्हणून मी माझ्या निवाड्यांची कसोटी स्वतः लावत नाही. दवाखान्यातल्या परिचारिकेला आणि घरी बायकोला मी स्पष्ट सांगून ठेवले आहे, की माझे बोलणे आणि वागणे जुळत नाही असे दिसले की मला तिथल्या तिथे सांगायचे. आत्मपरीक्षण ही एकट्याने करण्याची गोष्ट आहे, हे मला पटत नाही.

महालकर

धंतोली यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याला जोडून एवढेच सांगतो. एखादा फरक आपण सबब म्हणून शोधला की तो आधीपासून खरोखर मानत होतो, हे ओळखायचे असेल, तर तोच फरक आपल्या विरोधात जाईल असे एक उदाहरण घ्यावे आणि तिथेही तो मानायची आपली तयारी आहे का, हे पाहावे. "मांस वाया जात नाही म्हणून चालते" असे म्हणणाऱ्याने ताटात टाकलेल्या मटणाला पाप म्हणायची तयारी ठेवावी.

वर्धा_रोड

आपल्या शेजारच्या सेवाग्रामशी नाते असलेल्या माणसाचे म्हणणे इथे कोणीच आणले नाही, म्हणून आणतो. गांधीजींनी १९३३ मध्ये 'हरिजन'मध्ये लिहिले होते, की सुसंगत दिसण्याची मला फिकीर नाही. माझ्या दोन लिखाणांत विरोध आढळला, तर वाचकाने त्याच विषयावरचे नंतरचे लिखाण प्रमाण धरावे. मूळ प्रश्नाला हे एक उत्तर होऊ शकते. जुना निवाडा सोडावा, नवा ठेवावा.

पाचपावली

वर्धा_रोड काका, नंतरचा निवाडा अधिक चांगला असतो, याची हमी कोण देणार? वय वाढते तशी माणसे पुष्कळदा सोयीच्या दिशेनेही सरकतात. ज्या घराचे मी लिहिले, त्या घरातली मुलगी लहानपणी माझ्या आईच्याच पेल्यातून पाणी पीत असे. मोठी झाल्यावर तिने ते सोडले. तिचा आधीचा निवाडा बरोबर होता. नवा की जुना, यापेक्षा कोणत्या निवाड्यात अधिक माणसे आणि अधिक जीव मोजले जातात, हे पाहावे, असे मला वाटते. माझ्यापुरते उत्तर हे आहे: दोन निवाडे जुळत नसतील, तर ज्याच्यात एखाद्याला मोजणीतून वगळलेले असेल तो सोडावा.

इतवारी_पेढी

सिव्हिल_लाइन्स यांच्या प्रश्नाला उत्तर देणे मला भाग आहे. पेढी सुती कापडावर चालू शकते. कोशातला जीव आधी बाहेर पडू देऊन, तुटलेल्या कोशापासून कातलेल्या धाग्याचे कापडही मिळते. त्याला ती झळाळी नसते आणि गिऱ्हाइकाला ते नीट समजावून सांगावे लागते. त्यामुळे सध्याच्या कोसा कापडाला मी उद्योगी हिंसेच्या सदरात बसवू शकत नाही, हे मान्य. परंतु अणुव्रताची कल्पना त्यामुळे चुकीची ठरत नाही, असे माझे मत कायम आहे. टप्पा असावा, फक्त तो कुठे आहे याचा हिशेब खरा असावा. पाचपावली ताईंनी मांडलेली कसोटी मी आमच्या घरी वडिलांपुढे ठेवणार आहे.

अंबाझरीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले आहे, आणि मांजाबद्दल मी बोलत राहणार आहे. दुसऱ्या प्रश्नाबद्दल एवढे स्पष्ट झाले, की माझे तत्त्व यातनेबद्दलचे आहे, नाशाबद्दलचे नाही. पंख तुटलेला पक्षी हातात धरला, की त्याच्या छातीची धडधड तळहाताला लागते, आणि मला त्रास होतो तो तिचाच. त्यामुळे वकील साहेबांनी सांगितलेला तिसरा फरक मला वापरता येणार नाही. भाच्याला मी सांगितले, की तुझा युक्तिवाद बरोबर आहे आणि तो खोडायला मी नवे कारण शोधणार नाही. रविवारचे मटण घरात मी एकटी खात नाही, सासूबाई आणि मुलेही खातात, त्यामुळे तो निर्णय सगळ्यांशी बोलूनच होईल. मात्र माझ्या ताटापुरता तो मी आजपासून घेतला आहे.

काटोलहून दादा, आपल्याला एक विचारायचे होते. मास्कने दम कोंडतो ही तक्रार खरी असेल, तर फवारणीची वेळ बदलता येते का?

काटोलहून

येते. पहाटे फवारणी केली, की ऊन नसते आणि वाराही पडलेला असतो, त्यामुळे मास्क सहन होतो आणि औषध अंगावरही कमी उडते. पण मग त्या दिवशीचे काम सकाळीच थांबवावे लागते आणि दोन दिवसांचे काम चार दिवसांवर जाते, म्हणजे मजुरी वाढते. कॅम्पस_चौक ताईंच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे, की "तो बांधत नाही" हे कारण नंतरचे होते. आधीचे कारण मजुरीच होती. पुढची फवारणी पहाटे करायची असे त्याच्याशी बोलून ठरवले आहे, आणि अर्ध्या दिवसाच्या कामालाही मजुरी पूर्ण दिवसाची द्यायची, हेही. बाजारासाठीच्या मालाचे काय करायचे, ते मात्र एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही. आपल्यापैकी जे कोणी डागाळलेली संत्री घ्यायला तयार असतील त्यांनी इथेच कळवावे, म्हणजे मृगाच्या बहाराला एका ओळीवर तरी फवारणी टाळता येईल.

गोकुळपेठ

आमच्या इमारतीतली काही घरे नक्की घेतील. किती पेट्या लागतील, ते विचारून उद्या संध्याकाळपर्यंत इथे लिहितो.